वैद्यकीय संज्ञा फ्लॅशकार्डांवरून शिकवताना: पहिल्या गठ्ठ्यापासून सहाव्या आठवड्यापर्यंत

नर्सिंग, लॅब टेक्निशियन किंवा मेडिकल कोडिंगच्या नव्या वर्गाला वैद्यकीय संज्ञा शिकवायला घेतल्या की हातात बहुतेकदा एक लांबलचक यादी येते. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. पहिल्या वर्षी मीही तशीच यादी वाटली आणि रोज पंचवीस शब्द पाठ करून यायला सांगितलं. विद्यार्थ्यांनी ते मन लावून केलं. 'गॅस्ट्रायटिस' विचारलं की 'जठराचा दाह' हे उत्तर लगेच यायचं. 'नेफ्रोलॉजी' म्हटलं की 'मूत्रपिंडांचं शास्त्र'. मग एके दिवशी मी यादीत नसलेला शब्द फळ्यावर लिहिला, 'नेफ्रायटिस', आणि वर्ग गप्प झाला. त्या शब्दाचे दोन्ही तुकडे त्यांना येत होते. शब्दाला तुकडे असतात हेच मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून मी आख्ख्या शब्दांच्या याद्या जवळपास बंद केल्या आणि तुकड्यांची फ्लॅशकार्डं, म्हणजे एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर असलेली कार्डं, करायला लागले. पुढचं सगळं याच एका बदलातून आलेलं आहे. तुम्ही पहिल्यांदाच फ्लॅशकार्ड वापरून शिकवणार असाल, तर याच क्रमाने जा.

पायरी १: कार्डं नंतर, आधी शब्द फोडायला शिकवा

पहिल्या तासाला कार्डं बाहेर काढू नका. फळ्यावर एकच शब्द लिहा: हायपरग्लायसेमिया. त्याचे तीन तुकडे करा: हायपर, ग्लायस, एमिया. आता शेवटून वाचायला सांगा. एमिया म्हणजे रक्तातली स्थिती. मग सुरुवातीचा तुकडा, हायपर म्हणजे प्रमाणापेक्षा जास्त. शेवटी मधला, ग्लायस म्हणजे साखर. रक्तात साखर जास्त. शेवट, सुरुवात, मग मधला भाग हा क्रम तोंडात बसेपर्यंत आठ-दहा शब्द असेच फोडून घ्या.

आपल्या विद्यार्थ्यांना हे वाटतं तितकं नवीन नसतं. उपसर्ग आणि प्रत्यय त्यांनी शाळेच्या व्याकरणात केलेले असतात. शिवाय वैद्यकीय संज्ञा बहुतांश ग्रीक आणि लॅटिनमधून आल्या आहेत, आणि या भाषांचं संस्कृतशी जुनं नातं आहे. नकार दाखवणारा ग्रीक उपसर्ग 'अ' किंवा 'अन्' हा आपल्या 'अज्ञान' आणि 'अनादर' मधलाच आहे. नियमसुद्धा तोच: व्यंजनापुढे अ, स्वरापुढे अन्. म्हणून श्वास थांबणं म्हणजे ॲप्निया, आणि लघवी जवळजवळ न होणं म्हणजे ॲन्युरिया. 'डिस' हा आपला 'दुस्' किंवा 'दुर्'. दुर्गम म्हणजे जायला कठीण, तसा डिस्प्निया म्हणजे श्वास घ्यायला त्रास. 'पेरि' म्हणजे 'परि', भोवताली. परिसर लक्षात असेल तर पेरिकार्डियम, हृदयाभोवतीचं आवरण, वेगळं पाठ करावं लागत नाही.

सगळ्यात जास्त उपयोग होतो तो हायपो आणि हायपर यांच्यासाठी. जगातल्या प्रत्येक वर्गात ही जोडी उलटसुलट होते. हायपोचा संस्कृत भाऊ 'उप' आणि हायपरचा 'उपरि'. उपाध्यक्ष अध्यक्षाच्या खाली असतो, सर्वोपरि सगळ्यांच्या वर असतो. एवढं एकदा सांगितलं की चूक फार कमी होते. ऑस्टिओ म्हणजे अस्थी, ओडोंट म्हणजे दंत, एंटेर म्हणजे आंत्र ही नातीही खरी आहेत.

पण केवळ कानाला सारखं वाटतं म्हणून नातं जुळवायची सवय लागू देऊ नका. 'ओटो' ऐकून ओठ आठवतात, आणि ओटायटिस असतो कानाचा. शब्दकोशात पडताळलेली नातीच वर्गात सांगा.

जोडाक्षरासारखा एक छोटा नियमही इथेच देऊन टाका. दोन तुकड्यांच्या मध्ये बहुधा एक 'ओ' येतो: कार्डि-ओ-लॉजी. पुढचा प्रत्यय स्वराने सुरू होत असेल तर तो ओ गळतो: गॅस्ट्र-आयटिस. मात्र दोन मूळ शब्द जोडले जात असतील तर पुढे स्वर असला तरी ओ टिकतो, म्हणून गॅस्ट्रोएंटेरायटिस. संधी शिकलेल्या मुलांना याचं काहीच अवघड वाटत नाही.

पायरी २: कोणते तुकडे आधी घ्यायचे

प्रत्यय आधी. कारण शब्द शेवटून वाचायचा आहे, आणि आजार आहे की शस्त्रक्रिया, तपासणी आहे की शास्त्र, हे प्रत्ययच सांगतो. अवयव माहीत नसला तरी शेवटी 'एक्टॉमी' दिसली की काहीतरी काढून टाकलं आहे एवढं कळतं, आणि तेवढं कळणंही पुष्कळ असतं.

मी पहिल्या दिवशी फक्त बारा तुकडे घेते. सहा प्रत्यय: आयटिस (दाह), एक्टॉमी (काढून टाकणं), लॉजी (शास्त्र), अल्जिया (वेदना), मेगॅली (आकार वाढणं), पॅथी (विकार). आणि सहा मुळं: गॅस्ट्र (जठर), हेपॅट (यकृत), नेफ्र (मूत्रपिंड), आर्थ्र (सांधा), कार्डि (हृदय), न्यूर (मज्जातंतू). सहा गुणिले सहा छत्तीस जोड्या होतात. त्या सगळ्या व्यवहारात नाहीत, न्यूरोमेगॅली कुणी म्हणत नाही, पण अर्ध्याहून जास्त जोड्या खरोखर वापरातले शब्द आहेत. बारा कार्डांत वीसहून अधिक शब्द वाचता येतात हे पहिल्याच दिवशी दिसलं की वर्गाचा चेहरा बदलतो. हा क्षण घडवून आणण्यासाठीच मी ही बारा निवडली आहेत. तुम्ही वेगळी निवडलीत तरी चालेल, मात्र ती एकमेकांशी जुळणारी असावीत.

एकूण किती? नवख्यांसाठी साधारण पंचवीस प्रत्यय, वीस उपसर्ग आणि पंचावन्न मुळं पुरतात. म्हणजे शंभर तुकडे. मुळं अवयवसंस्थेनुसार घ्या, वर्णानुक्रमे कधीच नको. वर्णानुक्रमात सारखे दिसणारे तुकडे शेजारी-शेजारी येतात आणि तिथेच गोंधळ पेरला जातो.

पायरी ३: कार्ड लिहिणं

या पायरीला वेळ द्या. फ्लॅशकार्डांवर निराश होणाऱ्या बहुतेकांची अडचण कार्ड लिहिण्यातच असते. कार्ड ही टीप नव्हे, तो प्रश्न आहे. पुढच्या बाजूला एक प्रश्न, मागच्या बाजूला त्याचं एकच उत्तर.

पुढच्या बाजूला तुकडा रोमन लिपीत, ठळक. त्याच्याखाली देवनागरीत उच्चार. मागे तीन गोष्टी: मराठी अर्थ मोठ्या अक्षरात, त्याखाली त्या तुकड्यापासून झालेला एक ओळखीचा शब्द, आणि जागा उरली तर एक छोटं रेखाचित्र. बस. यापेक्षा जास्त लिहिलंत तर विद्यार्थी त्यातलं अर्धं सांगतो आणि 'आलं की!' म्हणून पुढे जातो.

रोमन लिपी हवीच, कारण देवनागरीत काही फरक पुसले जातात. 'इलियम' हा शब्द घ्या. आय-एल-ई-यू-एम असं स्पेलिंग असेल तर तो लहान आतड्याचा शेवटचा भाग. आय-एल-आय-यू-एम असेल तर कमरेचं हाड. देवनागरीत दोन्ही एकच दिसतात. त्याच कारणाने अनुच्चारित अक्षरंही कार्डावर दिसली पाहिजेत. 'न्यूमो' सुरुवातीला पी घेऊन येतं, पण उच्चारात तो पी नसतो. शब्दाच्या मध्ये आलेल्या 'प्निया' मध्ये मात्र तो ऐकू येतो. 'सायको' च्या सुरुवातीचा पीही असाच अनुच्चारित. ऐकून लिहायची वेळ आली की इथे चुका होतात, म्हणून देवनागरी उच्चार आणि रोमन स्पेलिंग दोन्ही एकत्र डोळ्यांसमोर असू द्या.

प्रत्यय, उपसर्ग आणि मूळ यांना तीन वेगळे रंग द्या. कार्डाच्या कोपऱ्यात पेनाने एक ठिपका पुरेसा आहे. पुढे शब्द जुळवायच्या खेळात हे रंग कामी येतात.

कार्डं विद्यार्थ्यांनी स्वतः लिहावीत असा माझा आग्रह असतो. छापील संच सुबक दिसतो, पण कोणता ओळखीचा शब्द लिहायचा, कोणतं चित्र काढायचं हे ठरवताना विद्यार्थ्याला त्या तुकड्याचा विचार करावा लागतो. तुम्ही फक्त एक नमुना दाखवा आणि लिहून झाल्यावर स्पेलिंग तपासा. चुकीचं स्पेलिंग कार्डावर राहिलं तर ते महिनाभर घोकलं जातं, म्हणून ही तपासणी टाळू नका.

दिशा दोन्ही हव्यात. 'नेफ्र' पाहून 'मूत्रपिंड' आठवणं वेगळं आणि 'मूत्रपिंड' ऐकून 'नेफ्र' आठवणं वेगळं. दुसरी दिशा जास्त कठीण असते. तिची वेगळी कार्डं करा, आणि पहिली दिशा जमायला लागल्यावर दोन-तीन दिवसांनी ती गठ्ठ्यात सोडा. म्हणजे शंभर तुकड्यांची दोनशे कार्डं झाली. रोज दहा नवी घेतली तर वीस दिवसांचं काम.

पायरी ४: फसव्या जोड्यांची वेगळी कार्डं

काही तुकडे सुटे सुटे नीट येतात आणि शेजारी ठेवले की विद्यार्थी अडखळतो. यांच्यासाठी जोडीचं कार्ड करा: पुढे दोन्ही तुकडे, खाली प्रश्न 'फरक काय?'. एका कार्डावर एकच उत्तर हा नियम इथेही पाळला जातो, कारण उत्तर म्हणजे तो फरक.

शस्त्रक्रियांचं त्रिकूट सगळ्यात आधी घ्या. एक्टॉमी म्हणजे काढून टाकणं, ऑटॉमी म्हणजे छेद देणं, ऑस्टॉमी म्हणजे वाट करून देणं. गॅस्ट्रेक्टॉमीत जठर, सगळं किंवा काही भाग, काढलं जातं. गॅस्ट्रॉटॉमीत जठराला छेद देऊन आत पोहोचतात. गॅस्ट्रॉस्टॉमीत बाहेरून जठरात जाणारी वाट तयार होते, तिच्यातून नळीने अन्न देता येतं. एका अक्षराच्या फरकाने रुग्णाच्या शरीरात काय उरलं आहे हेच बदलतं. मी या कार्डामागे तीन चित्रं काढून घेते: रिकामी जागा, एक रेघ, आणि एक गोल भोक. दोन पोकळ अवयव एकमेकांना जोडले तरी ऑस्टॉमीच म्हणतात, हे नंतर, वर्ग स्थिरावल्यावर सांगा.

'मायो' म्हणजे स्नायू. 'मायलो' म्हणजे अस्थिमज्जा किंवा मेरुरज्जू, दोन्ही. ऑस्टिओमायलायटिसमध्ये हाड आणि त्यातली मज्जा, तर पोलिओमायलायटिसमध्ये मेरुरज्जूचा करडा भाग. 'पोलिओ' चा अर्थच करडा. इथे तुकडा एक आणि अर्थ दोन आहेत, म्हणून दोन वेगळी कार्डं करा आणि प्रत्येकाच्या पुढच्या बाजूला पूर्ण शब्द द्या, म्हणजे कोणता अर्थ विचारला आहे ते कळेल.

डिस्फेजिया आणि डिस्फेझिया. पहिल्यात गिळायला त्रास, दुसऱ्यात भाषेचा, म्हणजे बोलण्या-समजण्याचा त्रास. रोमन लिपीत एका जागी जी आहे आणि दुसरीकडे एस, एवढाच फरक. ही जोडी मी वर्गात मोठ्याने, हळू, पुन्हा पुन्हा म्हणून घेते, कारण पक्षाघाताच्या रुग्णाला दोन्ही त्रास होऊ शकतात आणि अंदाजाने इथे काम भागत नाही.

युरेटर म्हणजे मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे येणारी नळी, युरेथ्रा म्हणजे मूत्राशयातून बाहेर जाणारी. पेरिटोनियम पोटाच्या पोकळीचं अस्तर, पेरिनियम गुदद्वार आणि जननेंद्रिय यांच्यामधला भाग. ऍबडक्शन म्हणजे हात किंवा पाय शरीराच्या मध्यरेषेपासून दूर नेणं, ऍडक्शन म्हणजे जवळ आणणं. शेवटची जोडी बोलताना इतकी सारखी ऐकू येते की 'ए-बी-डक्शन' आणि 'ए-डी-डक्शन' असं अक्षरं सुटी करून म्हणायचीच सवय लावा.

याच पायरीत ग्रीक-लॅटिन जुळी येतात. मूत्रपिंडाला नेफ्रही म्हणतात आणि रीनलमधला 'रेन'ही. त्वचेला डर्मॅट आणि क्युटेन, फुप्फुसाला न्यूमोन आणि पल्मोन. विद्यार्थी विचारतात की एकाच अवयवाला दोन नावं कशाला. साधारण कल असा की आजारांच्या आणि शस्त्रक्रियांच्या नावांत ग्रीक तुकडा येतो, आणि अवयवाशी संबंधित असं नुसतं विशेषण हवं असेल तेव्हा लॅटिन. म्हणून नेफ्रायटिस, पण रीनल आर्टरी. अपवाद आहेत, तरी हा कल सांगितल्याने दोन नावांचं ओझं हलकं होतं.

पायरी ५: कार्डं घेऊन पहिला तास

बारा कार्डं, दोघा-दोघांच्या जोड्या. एकाने कार्ड दाखवायचं, दुसऱ्याने उलटण्याआधी मोठ्याने उत्तर द्यायचं. 'उलटण्याआधी' आणि 'मोठ्याने' या दोन शब्दांवर हटून बसा. मनातल्या मनात 'हो, येतंय मला' म्हणून कार्ड उलटलं की मागचं उत्तर वाचून ते आपल्याला येतच होतं असं वाटतं. मुळात आठवण्याचा प्रयत्न केल्यानेच आठवण पक्की होते. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हे स्वच्छ दिसलं. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतरच्या परीक्षेत वाचण्याऐवजी आठवून पाहणारे पुढे गेले. वर्गात मी हा प्रयोग सांगते, कारण पुन्हा पुन्हा वाचणं सोपं वाटतं आणि विद्यार्थी आपोआप तिकडे वळतात.

दोनदा फेरी झाली की कार्डं टेबलावर पसरून शब्द जुळवायला सांगा. एक मूळ, एक प्रत्यय, शब्द म्हणा, अर्थ सांगा. उरलेला तास यातच जाऊ द्या. चुकीचे, वापरात नसलेले शब्दही तयार होतील. त्यांचाही अर्थ सांगायला लावा आणि मगच हा शब्द वापरात नाही असं सांगा.

पायरी ६: पाच कप्प्यांचा डबा

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेल्या प्रयोगांतून दाखवलं की नव्याने पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरलं जातं आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून उजळणी सुरुवातीला लवकर लवकर आणि पुढे लांबलांबच्या अंतराने हवी. हे कार्डांवर बसवायची सोपी रीत सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात लोकप्रिय केली. एका डब्यात पाच कप्पे. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. बरोबर आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की कुठूनही थेट पहिल्यात.

मी ठेवते ती अंतरं अशी: पहिला कप्पा रोज, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा चार, चौथा आठ, पाचवा सोळा दिवसांनी. एकदाही न चुकलेलं कार्ड पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, पंधराव्या आणि एकतिसाव्या दिवशी, म्हणजे महिनाभरात फक्त पाच वेळा हातात येतं. चुकणारं कार्ड रोज समोर येतं. विद्यार्थ्याचा वेळ जिथे हवा तिथेच जातो.

दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. एक, येतंय असं वाटलेलं कार्ड लवकर बाजूला टाकायचा मोह. कॉर्नेल आणि ब्यॉर्क यांच्या २००८ मधल्या अभ्यासात अशी कार्डं गठ्ठ्यातून काढून टाकणाऱ्यांचा फायदा झाला नाही, उलट थोडं नुकसानच झालं. एकदा बरोबर आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात जाईल, डब्याबाहेर नाही. दुसरी गोष्ट, पाच-पाच कार्डांचे छोटे गठ्ठे करून तेच सलग घोकणं. तसं केल्यावर लगेच सगळं येतं असं वाटतं, पण दोन वेळांमधलं अंतर इतकं कमी असतं की आठवावं लागतच नाही. वीस कार्डांचा एक गठ्ठा शेवटपर्यंत जाऊन मग पुन्हा सुरू करणं बरं.

'अर्धवट आलं' हा प्रकार ठेवू नका. मूळ आठवलं पण स्पेलिंग चुकलं, तरी कार्ड पहिल्या कप्प्यात. सुरुवातीला विद्यार्थ्यांना हे कठोर वाटतं. पण रुग्णाच्या कागदावर अर्धवट बरोबर असं काही नसतं हे त्यांना शांतपणे समजावून सांगा.

पायरी ७: मोबाईलवर करायचं असेल तर

अँकी हे ॲप वैद्यकीय विद्यार्थ्यांत खूप वापरलं जातं. डेमियन एल्म्स यांनी ते २००६ मध्ये आणलं. नावाचा जपानी अर्थ पाठांतर. अंतरांचा हिशेब ते स्वतः ठेवतं. आधीपासून ठरलेली मर्यादा रोज वीस नव्या कार्डांची असते, ती नवख्यांसाठी दहावर आणा. वीसने सुरू केलं तर आठवडाभर मजा येते, मग उजळणीचा ढीग साचतो आणि दोन दिवस चुकले की ॲप उघडायचीच भीती वाटते.

पहिले दोन आठवडे मी कागदच ठेवते. हाताने लिहिताना स्पेलिंग बसतं, आणि जोडीने बोलताना उच्चार सुधारतो. त्यानंतर ज्याला हवं त्याने मोबाईलवर जावं. तयार संच उतरवून घेण्यापेक्षा आपलीच कार्डं तिकडे टाका.

पायरी ८: तुकडे जिथे दगा देतात तिथली कार्डं

तिसऱ्या आठवड्यापर्यंत वर्गाला शब्द फोडायची इतकी गोडी लागते की सगळंच फोडलं जातं. तेव्हा हे सांगायची वेळ येते. 'ओमा' म्हणजे गाठ, पण हेमॅटोमा म्हणजे ऊतींमध्ये साचलेलं रक्त, आणि ग्लॉकोमा हा डोळ्याचा विकार, त्यात गाठ नसतेच. लिपोमा ही चरबीची साधी गाठ, मेलॅनोमा आणि लिम्फोमा मात्र कर्करोग. ॲनिमियाचा शब्दशः अर्थ 'रक्त नसणं', प्रत्यक्षात तांबड्या पेशी किंवा हिमोग्लोबिन कमी असणं. ऑर्थोपेडिक्समध्ये अनेकांना पाय दिसतो, पण तो ग्रीक 'मूल' आहे. १७४१ मध्ये निकोला आंद्री यांनी हा शब्द घडवला तो मुलांच्या शरीरातला वाकडेपणा सरळ करण्याच्या अर्थाने. पीडियाट्रिक्समध्येही तेच मूल. पाय हा अर्थ लॅटिनमधल्या सारख्याच दिसणाऱ्या तुकड्याचा.

अशा शब्दांची आख्खी कार्डं करा आणि कोपऱ्यात लाल खूण ठेवा: हा फोडू नका. पार्किन्सन, अल्झायमर, क्रोन अशी माणसांच्या नावावरून आलेली नावंही याच लाल गठ्ठ्यात.

लघुरूपांची कार्डं करताना जास्त जपा. एकाच लघुरूपाचे अनेक अर्थ असतात. 'एमएस' म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस (मज्जासंस्थेचा आजार), मायट्रल स्टेनोसिस (हृदयाची एक झडप अरुंद होणं), आणि औषधाच्या चिठ्ठीवर मॉर्फिन सल्फेट की मॅग्नेशियम सल्फेट हा जीवघेणा प्रश्न. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ मध्ये टाळायच्या लघुरूपांची यादी काढली, तिच्यात हे आहे. युनिटसाठी नुसतं 'यू' लिहिणंही तिच्यात आहे, कारण ते शून्यासारखं वाचलं जाऊन डोस दहापट होऊ शकतो. या कार्डांच्या मागे अर्थासोबत 'लिहिताना पूर्ण शब्द' असंही लिहून घ्या.

पायरी ९: कार्डांवरून वाक्यांकडे

चौथ्या आठवड्यापासून पुढच्या बाजूला छोटी नोंद लिहा. 'रुग्णाला दोन दिवसांपासून डिस्प्निया, टॅकीकार्डिया. तपासणीत हेपॅटोमेगॅली. ऑलिगुरिया आहे.' मागे तीच नोंद साध्या मराठीत: दोन दिवसांपासून श्वास घ्यायला त्रास होतोय, हृदयाचे ठोके जलद आहेत, यकृत मोठं लागतंय, लघवी कमी होतेय. विद्यार्थ्याने ती रुग्णाच्या नातेवाइकाला सांगतोय अशा शब्दांत बोलून दाखवायची. अर्थ पाठ असलेला विद्यार्थीही इथे 'यकृतवृद्धी' म्हणून थांबतो. त्याला विचारा, हे आजींना कळेल का? मग तो स्वतःच सोपा शब्द शोधतो. मला स्वतःला शिकवण्यातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. ज्याच्या घरचं माणूस खाटेवर आहे त्याला कळेल असं बोलता आलं, तरच त्या शब्दाचा अर्थ विद्यार्थ्याला कळला असं मी धरते.

पायरी १०: सहाव्या आठवड्याची कसोटी

कार्डांवर आणि वर्गात कधीच न आलेले दहा शब्द द्या, पण प्रत्येकाचे तुकडे शिकवलेले असू द्यात. ल्युकोपेनिया, पेरिकार्डायटिस, ब्रॅडीप्निया, कोलेसिस्टेक्टॉमी, ऑस्टिओआर्थ्रायटिस असे. फोडणं, अर्थ आणि स्पेलिंग यांचे गुण वेगवेगळे ठेवा, म्हणजे कोण कुठे अडलं ते दिसेल. तुकडे बरोबर पाडले पण अर्थ चुकला, तर त्या तुकड्यांची कार्डं पहिल्या कप्प्यात परत जातील. तुकडेच चुकीचे पाडले, तर कार्डांनी भागणार नाही, त्या विद्यार्थ्याला घेऊन पुन्हा फळ्यापाशी, पहिल्या पायरीवर बसा.

आणि प्रत्येकाच्या डब्यात दोन-चार कार्डं अशी सापडतील की ती सहा आठवडे पहिल्या कप्प्यातून हललेलीच नाहीत. अँकी अशा कार्डावर आठ वेळा विसरल्यावर स्वतःच खूण करतं. कागदाच्या डब्यात ते तुम्हाला करावं लागेल. तसं कार्ड फाडून टाका आणि विद्यार्थ्यासोबत बसून नवं लिहा: वेगळा ओळखीचा शब्द, वेगळं चित्र, हवं तर फसव्या जोडीदाराला सोबत घेऊन.